न हललेला भाव

“ईस्टरचा पाव अजून विकायला आहे म्हणतायत,” निल्दा पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

सुलेमा बेकरीतून आणलेला गोड पावांचा पुडा सोडत होती. आज तिने तो मुद्दाम आणला होता. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत बैठक होती, आणि त्यांच्या संस्थेच्या आकड्यांप्रमाणे गेला जवळजवळ महिनाभर बाइया ब्लांका शहरातल्या किराण्याचा भाव जागचा हललेला नव्हता. दर महिन्याला भाव चढणाऱ्या या देशात संस्थेचे हिशेब लिहायला लागल्यापासून सुलेमाने असा महिना पाहिला नव्हता. रेडिओवरही ती बातमी दोनदा येऊन गेली होती.

“उरला असेल एखादा,” ती म्हणाली. “घे, गरम आहेत.”

“ईस्टर होऊन तीन आठवडे झाले, सुले.”

“मग शिळा झाला असेल.”

“पाव नाही. हे पानच शिळं आहे.”

निल्दाने खुर्ची सरकवून जागा करून दिली. शहरातल्या सगळ्यात मोठ्या किराणा दुकानाचं संकेतस्थळ समोर उघडं होतं. शेवयांचं पाकीट, त्याचा भाव, आणि कडेला सणाच्या गोल पावाची रंगीत जाहिरात. संस्थेचा प्रोग्रॅम हे पान रोज उघडत होता, भाव तेवढा उचलत होता आणि निघून जात होता. कडेची जाहिरात बघायला त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

सुलेमाने पुडा टेबलावर ठेवला.

संस्थेचं काम साधं होतं. वस्त्यांमधली स्वयंपाकघरं, जिथे बायका रोज दुपारी मोठ्या पातेल्यात रस्सा शिजवून मुलाम्हाताऱ्यांना वाढतात, त्यांच्यासाठी ही संस्था एकत्र खरेदी करायची आणि बाजारभावाचा आकडा काढायची. त्या आकड्यावरून नगरपालिका तीन-तीन महिन्यांसाठी दर ताटाचं अनुदान ठरवायची. उद्या ठरणार होतं ते हिवाळ्याचं. आकडा कमी गेला, तर सबंध हिवाळा पातेल्यात पाणी जास्त पडणार होतं.

हा आकडा निल्दा काढायची. अंगाने काडी, म्हणून सगळं शहर तिला फ्लाका म्हणायचं. पूर्वी ती भाव पायी गोळा करायची. वाऱ्यात मान खाली घालून या दुकानातून त्या दुकानात, फळीसमोर वाकून चिठ्ठ्या वाचत. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने पन्नाशीच्या उंबरठ्यावर प्रोग्रॅम लिहायला शिकून घेतलं, आणि त्याबद्दल कुणापाशी फार बोलली नाही.

अडचण एवढीच होती की दुकानाला आपली पानं एकाच ठिकाणाहून सारखी सारखी मागितलेली खपत नाहीत. प्रत्येक मागणीबरोबर मागणाऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता जातो. तोच पत्ता पुन्हापुन्हा दिसला की दार बंद. म्हणून मागणी मधल्या यंत्रांमार्फत पाठवायची आणि ती यंत्रं आळीपाळीने बदलत राहायची. या मधल्यांना प्रॉक्सी म्हणतात. त्यात दोन जाती. स्वस्त असतात ती कुठल्यातरी भल्या मोठ्या गोदामात ओळीने मांडलेली यंत्रं. दुकानाला त्यांचे पत्ते बघताक्षणी ओळखू येतात. महाग असतात ते खऱ्या घरांमधले पत्ते, जिथे घरमालकाला त्याचे पैसे मिळतात. तिथून आलेला माणूस दुकानाला गिऱ्हाईकच वाटतो.

निल्दा महागडे वापरायची. त्याचं बिल डॉलरात यायचं, आणि इथलं चलन, पेसो, दर महिन्याला आणखी घसरायचं. उन्हाळा संपताना सुलेमाने ते बिल तिच्यापुढे धरलं होतं. एवढ्यात एका स्वयंपाकघराचा गॅस येतो, असं ती म्हणाली होती, आणि ते खोटं नव्हतं. निल्दाने मधला मार्ग सुचवला होता: बहुतेक पानं स्वस्त पत्त्यांवरून आणू, आणि रोजच्या पातेल्यात पडणाऱ्या वस्तू तेवढ्या महाग पत्त्यांवरून पुन्हा पडताळून बघू. त्यावर सुलेमाने विचारलं होतं की स्वस्तातून पानं येत नाहीत का. येतात, जवळजवळ सगळी येतात, असं निल्दा म्हणाली. मग पडताळणी कशाला, असं सुलेमा म्हणाली. तेव्हा निल्दाने पडताळणी काढून टाकली.

ते सगळं आता सुलेमाला शब्दन् शब्द आठवत होतं.

“दार बंद केलं असतं तर मला कळलं असतं,” निल्दा म्हणाली. “भावाने उडी मारली असती तरी कळलं असतं, त्यासाठी घंटा लावून ठेवली होती. दुकानाने स्वस्त पत्ते ओळखले, पण दार उघडंच ठेवलं आणि जुनं पान दाखवत राहिलं. भाव जागचा हलला नाही तर ओरड, असं मी प्रोग्रॅमला सांगितलंच नव्हतं.”

“आपल्याकडे भाव हलला नाही म्हणून कोण ओरडणार?”

“आपल्याकडेच ओरडायला हवं होतं.”

तिने कोट घातला. गोड पाव तसेच राहिले.

दुकान चार चौक दूर होतं. दक्षिणेकडून वारा असा येत होता की दोघींना तिरकं होऊन चालावं लागत होतं. निल्दाचा उजवा गुडघा धरला होता; सुलेमाने गाडी काढते म्हटलं तर गाडी लावायला जागा शोधण्यात जास्त वेळ जाईल, असं ती म्हणाली. दुकानात शिरल्यावर मात्र तिची चाल बदलली. डावीउजवीकडे न बघता ती शेवयांच्या फळीपाशी गेली, वरच्या कडेला हात टेकला, वाकली आणि पाकिटाखालची चिठ्ठी वाचली. मग तेल. मग मसूर. मग चहासारखी गरम पाण्यात घालायची येर्बा, जिच्याशिवाय या शहरात कुणाची सकाळ होत नाही. तिने काही लिहून घेतलं नाही. बाहेर येऊन वाऱ्याकडे पाठ करून ती म्हणाली, “निदान पाचवा हिस्सा वर गेलंय सगळं.”

सुलेमाच्या डोळ्यांसमोर एर्मिंदाचं पातेलं आलं. एर्मिंदा एका वस्तीतलं स्वयंपाकघर चालवायची. गेल्या आठवड्यात एर्मिंदा तिला म्हणाली होती की रेडिओवाले कुठल्या दुकानात जातात ते मला सांग, मीपण तिथेच जाते. सुलेमा तेव्हा हसली होती.

सगळ्या वस्तूंच्या चिठ्ठ्या एका दुपारीत पायी वाचून होणार नव्हत्या. महागडे पत्ते आता विकत घेण्यात अर्थ नव्हता; त्यांचा करार मोडला होता आणि नवा व्हायला आठवडा लागणार होता. सुलेमाला एक विक्रेता आठवला. घरांचे पत्ते कवडीमोलाने देतो म्हणून तो उन्हाळ्यात ऑफिसात येऊन गेला होता. आजच्या आज देईल, त्याला फोन करू, असं ती म्हणाली.

“त्याला मी तेव्हाच विचारलं होतं, ही घरं कुणाची,” निल्दा म्हणाली. “त्याला सांगता आलं नाही. फुकटचा खेळ फोनवर घेतात ना लोक, त्यातून हे विक्रेते त्यांची लाइन गुपचूप वापरतात. त्यांना पत्ताही नसतो.”

“आजच्यापुरतं, फ्लाका. पोरांच्या जेवणासाठी.”

“ज्याच्या घरातून जायचं त्याला विचारून जायचं.” ती थोडं थांबली. “आपल्याला विचारता येतील अशी घरं आहेत की.”

देणगीत आलेले जुने फोन ऑफिसच्या कपाटात पडून होते. निल्दाने त्यातले चालणारे निवडले, त्यांत प्रोग्रॅम घातला आणि दोघी सुलेमाच्या गाडीतून निघाल्या. वेळ नेमकी दुपारच्या झोपेची होती. या वेळी शहरात कुणी कुणाचं दार वाजवत नाही. वाजवलंच तर आतला माणूस मेल्याची बातमी ऐकायच्या तयारीने उघडतो.

एर्मिंदाने तसंच उघडलं. छातीवर हात, पायात एकच चप्पल.

“कोण गेलं?”

“कुणी नाही गं. तुमचं इंटरनेट हवंय,” निल्दा म्हणाली.

एर्मिंदाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. “एवढ्यासाठी मला उठवलंत? माझ्या नवऱ्याला आधी भुताची भीती वाटते, मग तुमची.” पण तिने दार पूर्ण उघडलं आणि पाण्याची किटली ठेवली.

निल्दाने तिला नीट सगळं सांगितलं. फोन इथे राहील, मधूनमधून दुकानाचं एखादं पान उघडेल, दुसरं काही बघणार नाही, तुमचं इंटरनेट हळू झालं तर बंद करून टाका. नको म्हणालात तरी चालेल, असंही ती म्हणाली, आणि एर्मिंदा उत्तर देईपर्यंत तिने फोन पिशवीतून काढला नाही.

“म्हणजे माझ्या घरातून तू त्यांच्या फळीवर डोकावणार.”

“हो. पण दर वेळी तुमच्याच खिडकीतून नाही. तुमच्यानंतर नोर्माची, मग त्या कोपऱ्यावरच्या बहिणींची. हळूहळू.”

“मग हे आधीच का नाही केलंस, बये? साखर मागायला आम्ही एकाच दारात रोज जातो का? लोक काय म्हणतील.” तिने फोन घेतला, पुसला आणि फ्रिजवर देवीच्या तसबिरीशेजारी उभा केला. “इथे बरा आहे. तिचंही लक्ष राहील.”

अशीच सगळी घरं झाली. नको कुणी म्हटलं नाही. एका घरात भरपूर शिव्या बसल्या, त्या झोपमोडीच्या होत्या. प्रत्येक ठिकाणी निल्दाने तेच सगळं पहिल्यापासून सांगितलं. सुलेमाला वाटलं, आता एक वाक्य तरी गाळेल. तिने गाळलं नाही.

संध्याकाळी ऑफिसात पानं यायला लागली. हळू येत होती. निल्दाने फोनांना घाई करू दिली नाही. एका घराने एक पान मागितलं की ते घर बराच वेळ गप्प बसायचं आणि दुसरं पुढे व्हायचं. कडेला आता ईस्टर नव्हता, थंडीच्या दुलया होत्या. दुकानात पाहिलेला प्रत्येक भाव जसाच्या तसा आला. सुलेमाने सकाळचे पाव कागदातून काढले. कडक झाले होते. दोघींनी ते एकाच भांड्यातली गरम येर्बा नळीने ओढत खाल्ले.

“मी सगळा वेळ एका पानाला किती पडतात ते बघत होते,” सुलेमा म्हणाली.

“मीपण. एका खऱ्या पानाला किती पडतात ते बघायला हवं होतं.” निल्दाने नळी पुसून भांडं तिच्याकडे सरकवलं. “तू पुढे धरलेलं बिल मात्र खरंच जास्त होतं.”

बैठकीत नगरपालिकेचा अधिकारी पागानी प्रसन्न होता. स्थिर बाजाराची बातमी रेडिओला त्यानेच दिली होती. निल्दा उभी राहिली आणि पहिल्याच वाक्यात म्हणाली, “जवळजवळ महिनाभर आम्ही दिलेले आकडे चुकीचे आहेत. हे बरोबर आहेत.” मग चूक कशी झाली ते तिने सांगितलं, आवाज चढवला नाही, पाडलाही नाही. ऐकता ऐकता पागानीने पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं.

“स्वस्तातली यंत्रं घ्यायचं कुणी ठरवलं?” त्याने विचारलं.

सुलेमाने तोंड उघडलं.

“पडताळणी मी काढली,” निल्दा म्हणाली. “ती असती तर कुठलीही यंत्रं चालली असती.”

वाक्य खरं होतं. म्हणूनच सुलेमाला त्यात कुठे बोट ठेवता येईना. तरी ती म्हणाली की बिलाचा आग्रह माझा होता. पागानीने मान हलवली, पण तोवर त्याने निल्दाचं नाव लिहून टाकलं होतं.

पागानी वाईट माणूस नव्हता. त्याने नवे आकडे मान्य केले आणि ताटाचा हिवाळी दर त्यावरच ठरवला. मग डोळे कागदात ठेवून म्हणाला की रेडिओवर जे सांगितलं ते आता परत घ्यावं लागणार, आणि वरचे लोक विचारणार. तेव्हा यापुढे भावाचा आकडा बाहेरच्या एका कचेरीकडून घेतला जाईल. संस्थेला आकड्यासाठी मिळणारी रक्कम, म्हणजे निल्दाचा पगार, या महिन्याअखेर थांबेल.

निल्दाने विचारलं, “ताटाचा दर पूर्ण हिवाळ्याला लागू आहे ना?”

“लागू आहे.”

“मग ठीक.” तिने कागद उचलले आणि पागानीला ते नीट लावून दिले, वरचा वर, खालचा खाली.

सुलेमाने नंतर संस्थेत पुष्कळ भांडून पाहिलं. एर्मिंदा तर पागानीच्या कचेरीत पळी घेऊन जायला निघाली होती. निल्दानेच तिला परत फिरवलं. निल्दा दोन मुलांना गणित शिकवायला लागली, आणि एका मालवाहतूकवाल्याचं काहीतरी काम तिला मिळालं. घराघरांतले फोन तिने हिंडून परत आणले. एर्मिंदाने तिचा दिला नाही. देवीला त्याची सवय झाली आहे, असं ती म्हणाली.

जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, एका गुरुवारी सुलेमा एर्मिंदाच्या स्वयंपाकघरात गेली होती. बाहेर पत्रे वाजत होते. पातेल्यात पळी उभी राहत होती, आणि वाढताना प्रत्येक ताटात मांसाचा तुकडा पडतो की नाही हे एर्मिंदा डोळ्याने बघत होती. मीठ संपलं म्हणून सुलेमा गाडीतून त्या मोठ्या दुकानात गेली.

शेवयांच्या फळीपाशी निल्दा होती. वरच्या कडेला हात टेकून, दुखऱ्या गुडघ्याला जपत वाकलेली. ती पाकिटाला हात लावत नव्हती, खालची चिठ्ठी वाचत होती. मग ती तेलाकडे गेली. मग मसुराकडे. आता हे भाव तिला कुणी विचारणार नव्हतं. येर्बाच्या फळीपुढे एक म्हातारा वाटेत उभा होता. तो बाजूला होईपर्यंत ती मागे थांबून राहिली, आणि त्याची पिशवी भरून झाल्यावर पुढे होऊन पुन्हा वाकली.

सुलेमाने हाक मारली नाही. मिठाचं पाकीट घेतलं, आणि पैसे द्यायला जाण्याआधी त्याखालची चिठ्ठी वाचली.