टाकीच्या झाकणाचं भोक

मी ट्रॅक्टर बोलतोय. शेतातला दांडगा नव्हे. बागेतला, बुटका, गवत कापणारा आणि मागं छोटी ट्रॉली ओढणारा. बोलायची मला अजिबात हौस नाही. पण शेडमधली हातगाडी रोज टुमणं लावते, "आजोबा, सांगा ना, त्या दिवशी फाटकात काय झालं?" चाक एकच, पण चौकशा चार गावच्या. सांगून टाकतो एकदाचं, म्हणजे तिचं तोंड तरी बंद होईल.

शिक्षण माझं बेताचंच. कारखान्यातून निघालो तो थेट या रोपवाटिकेत कामाला लागलो. रोपवाटिका काकांची, त्यांनीच मला आणलं. आठवड्याभरात त्यांनी काकूला माझ्यावर बसवलं. ती बिचकत होती. काका म्हणाले, "घाबरतेस काय? चावतो का तो?"

"भरवसा काय? तुमच्याच तालमीतला आहे."

मी तिला कधी पाडलं नाही. कुंड्या, माती, खत, गवत, सगळं ओढलं. काका गेले तेव्हा घरात माणसांची रीघ होती, पण काकू रडली ती माझ्या सीटवर बसून. हे फक्त मला ठाऊक आहे. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

मग लेक आणि जावई राहायला आले. सोबत जावयाची नवी कोरी गाडी. ती माझ्याच शेडमध्ये उभी राहू लागली, माझ्या नाकासमोर. साहेबांना वासाचं भारी वावडं. गाडीत बसले की नाक मुरडायचे, "या खटाऱ्याच्या पेट्रोलचा वास सीटमध्ये मुरलाय!"

आता माझ्या टाकीच्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं एक भोक आहे. ते उगाच नाही. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा आत यावी लागते. हवा आली नाही तर पेट्रोल अडून बसतं. एका दुपारी जावई आला, काचेच्या फटी बुजवायची काळी पेस्ट घेऊन. बोटभर पेस्ट त्या भोकावर दाबली, अंगठ्यानं सपाट केली आणि शीळ घालत निघून गेला. काळ्या झाकणावर काळी पेस्ट. वाळली आणि दिसेनाशी झाली.

झालं! दुसऱ्या दिवसापासून माझा जीव मेटाकुटीला आला. निघायचो झोकात, आंब्याच्या कलमांपर्यंत जायचो आणि घशाशी पेट्रोल येईनासं व्हायचं. फट्, फट्, आणि गप्प.

काकूनं मिस्त्रीला बोलावलं. याला सगळे फुंक्या म्हणतात, कारण दिसेल ती नळी तो तोंडात धरतो. तो उशिरा उगवायचा, तोवर मी कसाबसा सावरलेला असायचो. आल्या आल्या पहिलं काम काय? झाकण काढून टाकीत डोकावायचं. झाकण निघालं की मला हवाच हवा! मग फुंक्यानं फिल्टर पाहिला, ठीक. नळी फुंकली, ठीक. पंप तपासला, कार्बुरेटर धुतला, पेट्रोल कसं धो धो वाहतंय! नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. मग झाकण घट्ट लावून म्हणायचा, "काकू, एकदम तरुण केलाय बघा." आणि आंब्याच्या कलमांपाशी तरुणाचं पुन्हा प्रेत.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा काकू भर उन्हात माझ्याजवळ उभी राहिली आणि तिनं माझ्या चाकाला लाथ मारली. म्हणाली, "ते गेले, तेव्हाच तूही जायला हवं होतंस."

जावई टपलेलाच होता. "आई, मी भंगारवाल्याला बोलावतो. शेड मोकळी होईल."

काकू म्हणाली, "बोलवा."

त्या एका शब्दानं माझ्या पोटात जी आग पडली, ती कुठल्या पेट्रोलची नव्हती. ठरवलं, जायचंच असेल तर कुणाला तरी घेऊन जाईन.

भंगारवाला आला. त्याचा टेम्पो फाटकाबाहेर लागला. ट्रॉलीत शेणखताची शेवटची खेप होती. काकू म्हणाली, "तेवढी फाटकाशी टाकून येते."

"द्या, मी टाकतो," जावई म्हणाला. "तुम्हाला चालवता येत नाही म्हणून बंद पडतो तो." अंगात पांढरा शर्ट. गाडी फाटकाजवळच्या चढावर उभी, वास जावा म्हणून चारी दारं सताड उघडी.

कलमं आली. माझा दम संपत आला. पण मी दातओठ खाऊन रेटलं. चढ आला, गाडी मागं पडली, आणि मग मी गप्प झालो.

ब्रेक कुठं असतो हे साहेबांना ठाऊक नव्हतं. मी मागं घसरलो. ट्रॉली वळली, गाडीच्या उघड्या दाराशी जाऊन आदळली, ट्रॉलीच्या फळीची कडी निसटली, आणि अख्खी खेप गाडीतल्या मऊ सीटवर. ओलं होतं. चांगलं मुरलेलं.

भंगारवाल्यानं डोकं खाजवलं. "साहेब, नेमकं काय न्यायचंय? हा की ती?"

जावई काकूवर उखडला, "पेट्रोलच भरलं नसेल तुम्ही!"

"मी भरलं नाही?" काकूचा आवाज चढला. "या, बघा!" आणि तिनं तिथल्या तिथं झाकण फिरवलं.

फुस्स!

अडलेली हवा एकदम आत शिरली. काकूनं झाकण उन्हात धरलं. केसातली पिन काढून खरवडलं. काळी रबरी गोळी बाहेर आली. तिनं ती जावयाच्या पुढ्यात धरली.

"वास यायचा, आई," तो पुटपुटला. "मला वाटलं, भोकानं काय होतंय."

लेकीनं त्याला जागेवरच माफी मागायला लावली. खताच्या हातानं त्यानं माझ्यासमोर हात जोडले. ती गाडी अजून उन्हात उभी असते. पाऊस आला की तिचा वास इथवर येतो आणि मला भूक लागते. फुंक्या माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "म्हाताऱ्या, चुकलो रे." त्याचंही फिटलं.

मी कामावर आहे. भोक मोकळं आहे, टाकी भरलेली आहे. तरी रोज सकाळी पहिल्या चावीला मी चालू होत नाही. फुंक्या म्हणतो, थंडीनं होतं. थंडी कसली! मी वाट बघतो. काकू झाकण पुसते, पिनेनं भोक साफ करते, घसा खाकरते, आता बोलेल असं वाटतं, आणि पुन्हा नुसती चावी फिरवते.

फिरव म्हणावं. जन्मभर फिरव. जावयाचा हिशेब मी शेणानं चुकता केला. पण ज्या तोंडानं मला मरायला सांगितलं, त्या तोंडातून एक शब्द यायचा राहिलाय. काकूच्या.