कोणाला जाऊ द्यायचं

वसुधा केळकरला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि केंड्रिकने तिला नेमकं म्हणूनच बोलावलं. नागपूरला एम.एस्सी., मग अमेरिकेत संख्याशास्त्रात पीएच.डी., आणि आता ओहायोतल्या एका विमा कंपनीत कोण साधारण किती जगेल याचे अंदाज बांधायची नोकरी. केंड्रिकचा विमा याच कंपनीत होता आणि शहराचा संघ त्याच्या मालकीचा होता. "खेळाडूंवर जीव नसलेलं माणूस हवंय मला," तो तिला म्हणाला.

चौऱ्याऐंशीचा हिवाळा होता. करार संपला की खेळाडू मोकळा होई, फ्री एजंट. मग त्याला जास्त पैसे देऊन ठेवायचं, नाहीतर जाऊ द्यायचं. गेल्या काही वर्षांत या संघाने बऱ्याच जणांना जाऊ दिलं होतं. ते सगळे निर्णय जनरल मॅनेजर हॅरल्ड प्रुइटचे. ते बरोबर होते का, एवढंच वसुधाने सांगायचं होतं.

हॅरल्ड साठीचा, एका कानाने कमी ऐकणारा. आपलंच मोजमाप घ्यायला आलेल्या बाईला त्याने स्वतः बसून खेळ शिकवला. "गेलेला माणूस तिकडे चमकला म्हणजे आमचं चुकलं, असं लोक म्हणतात," तो म्हणायचा. "पण तो गेल्यावर त्याच्या जागी कोण आला, तो कसा खेळला, हेही बघा. आणि त्या दिवशी आम्हाला काय ठाऊक होतं, तेही." वसुधाला हे पटलं. तिने तसंच पाहिलं. हॅरल्डचे जवळजवळ सगळे निर्णय बरोबर निघाले. एकच साफ चुकलेला होता. टकर नावाचा फलंदाज. त्याला सोडण्यासारखं काहीही नव्हतं, आणि तो पुढे दुसऱ्या संघाकडून वर्षानुवर्षं धावांचा पाऊस पाडत राहिला.

बैठकीला सगळा स्टाफ बोलावला होता. केंड्रिक सरळ टकरवर आला.

"हॅरल्ड, त्याला का सोडलंस? सांग सगळ्यांना."

"आमचं पटत नव्हतं," हॅरल्ड म्हणाला.

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

हॅरल्डने पुन्हा सांगितलं. केंड्रिकने कानामागे हात धरला, हॅरल्ड धरायचा तसा, आणि दोघंतिघं हसले. हॅरल्डला तेच वाक्य उभं राहून तिसऱ्यांदा म्हणावं लागलं.

"बाकीचे निर्णय मात्र बरोबर होते," वसुधा म्हणाली.

"ते मी वाचलंय, डॉक्टर."

महिनाअखेर हॅरल्डला काढलं. त्याने जाताना वसुधाचा निरोप घेतला नाही, आणि तिनेही त्याला फोन केला नाही. पुढे केंड्रिकने तिला पूर्णवेळ घेतलं, आणि विमा कंपनीतली नोकरी तिने सोडली.

पुढच्या शरद ऋतूत एडी सालाझारचा करार संपला. सालाझार कॅचर. आपल्या यष्टिरक्षकासारखा, पण सबंध सामना उकिडवं बसून काढणारा. दहाएक वर्षं त्याने या एकाच संघासाठी काढली होती. वसुधाने आकडे मांडले आणि सांगितलं, जाऊ द्या.

घरी तिचा नवरा गिरीश जेवता जेवता थांबला. "अगं, सालाझार म्हणजे या टीमचा जीव आहे यार. त्याला लेट गो कसं करता तुम्ही लोक?"

"गुडघे गेलेत त्याचे. या वयात कॅचर टिकत नाहीत."

"त्याला सांगणार कोण?"

"ते माझं काम नाही," ती म्हणाली.

पण केंड्रिकने ते तिलाच करायला लावलं. सालाझार कोट घालून, केस विंचरून आला होता. त्याला वाटलं होतं की नवा करार होणार. केंड्रिकने वसुधाकडे बोट दाखवलं आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. विमेदाराला समजवावं तसं वसुधाने सगळं शांतपणे समजावलं.

"मॅडम, तुम्ही मला खेळताना पाहिलंय?" सालाझारने विचारलं.

"पाहिलंय."

"आणि तरी?"

"पाहण्याने आकडे बदलत नाहीत."

तो उठला आणि तिच्याशी हात मिळवून गेला.

त्या हिवाळ्यात त्याला कुठल्याच संघाचा फोन आला नाही. मार्चमध्ये, संघाचा हंगामापूर्वीचा सराव फ्लोरिडात सुरू असताना, तो स्वतःच्या खर्चाने तिथे आला. कसलाही करार चालेल, अगदी खालच्या संघातलाही, म्हणाला. केंड्रिकला मजा वाटली. त्याने सराव थांबवला, सालाझारला पॅड बांधून मैदानात बसवलं आणि सगळ्या पोरांना कुंपणाशी उभं केलं.

सालाझारने चेंडू सुंदर अडवले. एकही सुटला नाही. मग केंड्रिकने जोरात चेंडू टाकणाऱ्यांना एकामागून एक बोलावलं आणि मध्ये विश्रांती दिली नाही. ऊन चढलं. शेवटी केंड्रिकने थांबायची खूण केली तेव्हा सालाझारला उठता येईना. एक गुडघा सरळच होत नव्हता. तो हातांवर रेलला, पुन्हा बसला. त्याच्यासोबत वर्षानुवर्षं खेळलेली माणसं कुंपणाशीच उभी राहिली. केंड्रिकसमोर पुढे कोण होणार?

"डॉक्टर," केंड्रिक म्हणाला, "काय म्हणता?"

वसुधा त्या गुडघ्याकडे बघत होती. तिचा अंदाज डोळ्यांदेखत खरा ठरला होता, आणि हिशेब जुळल्यावर मन निवतं तसं तिचं मन निवलं.

"नाही," ती म्हणाली. "घेऊ नका."

सालाझारने जाळीला धरून स्वतःला उभं केलं, पॅड सोडून नीट रचून ठेवले आणि लंगडत गेटकडे निघाला. सराव पुन्हा सुरू झाला.

त्या वर्षी सालाझारच्या जागी घेतलेला नवा पोरगा कॅचर म्हणून उत्तम खेळला. संघ वर चढला. वर्तमानपत्रात वसुधाचा फोटो आला. गिरीशने तो कापून तिच्या आईवडिलांना नागपूरला पाठवला. सालाझारबद्दल त्याने तिला पुन्हा कधी विचारलं नाही, आणि संघाच्या सामन्यांनाही तो नंतर गेला नाही. आता कोणाला जाऊ द्यायचं हे केंड्रिक एकट्या वसुधाला विचारत असे, आणि ती लगेच सांगत असे.