बर्फ असणारच

मृणालिनी परब अंधेरी स्टेशनजवळच्या एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीत तीन वर्षं नोकरी करत होती. पहिल्या मजल्यावरची एक खोली, दोन टेबलं, एक फोन. धंदा मुख्यतः दुबई-मस्कतला कामाला जाणाऱ्यांच्या तिकिटांचा, आणि सुट्टीत उटी-म्हैसूरच्या बसचा. १९८८ साली, नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल, रामनाथ जिना चढून वर आला आणि इटलीची तीन तिकिटं पाहिजेत म्हणाला. इटलीचं तिकीट त्या ऑफिसात तोवर कुणी मागितलं नव्हतं.

रामनाथ वेसाव्याचा कोळी. वडिलांची एक होडी होती. त्यानं कोळंबी परदेशी पाठवायचं काम सुरू केलं आणि त्यात जम बसवला. मिलानचा एक व्यापारी त्याचा माल घ्यायचा. त्यानं डिसेंबरच्या सुरुवातीला भेटायला बोलावलं होतं.

"तीन तारखेला माझं काम आटपतं," रामनाथ म्हणाला. "दहा तारखेला मला परत इथं पाहिजे, नाताळचा माल असतो. मधले चार दिवस डोंगरात काढायचे. आई आहे, जानकी आहे. तो व्यापारी पायाला फळ्या बांधून घसरतो, फोटो दाखवलेत त्यानं. मला पण करून बघायचंय."

"स्की," मृणालिनी म्हणाली.

एजन्सीचे मालक कुंडलिक शेट्ये यांनी तिच्याकडे पाहिलं. मग रामनाथला म्हणाले, "आमच्या मॅडमनी कोर्स केलाय. युरोप सगळं त्याच बघतात."

युरोप असं त्या ऑफिसात काही नव्हतं. पण मृणालिनीला ते वाक्य आवडलं.

"पण तेव्हा बर्फ असेल ना, मॅडम?" रामनाथनं विचारलं. "आईला पडताना बघायचाय. बाकी तिला कशाचं काही नाही."

"असणारच," ती म्हणाली. "डिसेंबर म्हणजे तिकडे बर्फच बर्फ."

तिनं बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गाडीवर. पण इटलीच्या पर्यटन कचेरीतून तिनं एक रंगीत पुस्तिका मिळवली, तिच्यात घरांच्या छपरांवर हात-हात बर्फ होता. पुस्तिका तिनं घाटकोपरला घरी नेली. तिचे वडील गुणाजी गिरणीतली नोकरी सुटल्यापासून एका कारखान्यावर वॉचमन होते. त्यांनी चष्मा लावून एकेक पान बघितलं. "थंय माणसां रवतत कशी गो?" त्यांनी मालवणीत विचारलं. मग शेजारच्या सखुबाईंना बोलावून तीच पानं त्यांना दाखवली आणि सांगितलं, ह्या सगळां आमचा मृणाल ठरवता.

ठरवायला खरंच पुष्कळ होतं. रामनाथच्या आईचा, सोनूबाईंचा, पासपोर्ट काढायचा होता. अर्जावर अंगठा घ्यायला मृणालिनी स्वतः वेसाव्याला गेली. सोनूबाई सत्तरीच्या होत्या. अंधेरीच्या बाजारात त्यांनी पन्नास वर्षं मासळी विकली होती, आणि टोपलीतल्या बर्फात हात घालून घालून त्यांची बोटं वाकडी झाली होती. शाई नीट उठेना, तेव्हा मृणालिनीनं त्यांचा अंगठा आपल्या हातात धरून दाबला.

"बर्फ मी जलमभर फोरला," सोनूबाई म्हणाल्या. "लाद्याच्या लाद्या. पर त्यो कारखान्याचा. आभालातून परतो त्यो कसा हाय, तो मना बगायचाय. जाईल ना गो मी?"

"जाल की आजी. पण लुगडं नेसून जाता यायचं नाही. तिथं गुडघाभर बर्फ असतो. पँट घालावी लागेल."

जानकी, रामनाथची बायको, हसायला लागली. सोनूबाई हसल्या नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "घालीन. कोण बगतंय थितं."

रामनाथचा उत्साह तर बघण्यासारखा होता. संध्याकाळी तो किनाऱ्यावर गुडघे वाकवून, हात पुढे करून उभा राहायचा, पुस्तिकेतल्या चित्रासारखा. सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांशी उभ्या बायका त्याची थट्टा करायच्या. तिघांच्या बुटांची मापं मृणालिनीनं कागदावर पाय ठेवायला लावून पेन्सिलीनं काढली.

ऑक्टोबरमध्ये तिनं तिथल्या डोंगरातल्या एका हॉटेलला टेलेक्स केला. एजन्सीकडे मशीन नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या एका निर्यातदाराकडून तो करायचा आणि उत्तरही तिथंच यायचं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. शेट्ये बाहेर गेले होते. तिनं कागद जिन्यातच वाचला.

खोल्या होत्या. पण पुढं लिहिलं होतं की, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्फाची खात्री देता येत नाही. गेल्या वर्षी उशिरा पडला. बर्फ नसेल तर डोंगरावर नेणारे पाळणे बंद राहतील, स्की होणार नाही. पाहुण्यांना हे जरूर कळवावं. जमल्यास वीस तारखेनंतर यावं.

ती जिन्यात उभीच राहिली. वीसनंतर रामनाथला जमणार नव्हतं. कळवलं तर डोंगरातले चार दिवस रद्द होतील, नाहीतर सगळंच. शेट्ये म्हणतील, मग त्या दिवशी छातीठोकपणे सांगितलंस कशाला? वडिलांनी चाळीत सांगून ठेवलं होतं. आणि मुख्य म्हणजे तिला परत त्या खुर्चीत बसून रामनाथला म्हणावं लागणार होतं की, मला माहीत नव्हतं. खात्री नाही म्हणजे पडणारच नाही असं थोडंच आहे, तिनं स्वतःला समजावलं. कागद चार घड्या करून पर्समध्ये टाकला आणि वर जाऊन फोन केला.

"खोल्या कन्फर्म झाल्या, रामनाथशेठ."

"आणि बर्फ?"

"त्याची काळजीच नको."

नोव्हेंबरात पदपथावर नेपाळी लोक स्वेटर घेऊन बसले, तेव्हा ती जानकीबरोबर खरेदीला गेली. सोनूबाईंसाठी तिनंच जाड लोकरीची पँट निवडली, काळी, कमरेला नाडीची. महिनाअखेरीला तिघं गेली.

डिसेंबरच्या त्या आठवड्यात मृणालिनी पेपरात परदेशांचं हवामान शोधत बसायची. त्या डोंगरांचं नाव कुठं नसायचं. पडला असेल, ती मनाशी म्हणायची. दुपारचा डबा तसाच परत जायचा.

पंधरा तारखेला रामनाथ ऑफिसात आला. हातात चॉकलेटचा डबा होता. तो शेट्यांच्या समोर बसला आणि म्हणाला, "बर्फ नव्हता."

"म्हणजे?"

"म्हणजे अजिबात नव्हता. नुसतं वाळलेलं गवत. पाळणे बंद. चार दिवस आम्ही खोलीत बसून काढले. नशीब म्हणायचं, दुसरं काय." तो मृणालिनीकडे वळला. "ताई, तुमच्यामुळं मात्र मी भांडलो त्या हॉटेलवाल्याशी."

"माझ्यामुळं?"

"तो म्हणतो, आम्ही तुमच्या एजंटला कळवलं होतं. बर्फाची खात्री नाही म्हणून. मी म्हटलं, आमची मुलगी तसली नाही. आईच्या अंगठ्यासाठी वेसाव्यापर्यंत आलेली मुलगी आहे ती, असलं काही आलं असतं तर पहिल्यांदा मला सांगितलं असतं. तूच पाठवलं नसशील आणि आता आमच्यावर ढकलतोस. चार लोकांसमोर बोललो त्याला. म्हातारा माणूस आहे, गप्प बसला."

शेट्ये तिला म्हणाले, "आलं होतं का गं तसं काही?"

"नाही," मृणालिनी म्हणाली.

शब्द तोंडातून सहज गेला. तिनं मान खाली घालून रजिस्टरात काहीतरी लिहिल्यासारखं केलं. रामनाथनं चॉकलेटचा डबा तिच्या टेबलावर ठेवला. आईनं दिलाय म्हणाला, आणि गेला.

तो डबा तिनं घरी नेला नाही. दोन दिवस तो टेबलावर होता, शेट्ये येता-जाता त्यातलं एकेक खात होते. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, ऑफिस लवकर सुटल्यावर ती बस पकडून वेसाव्याला गेली.

सोनूबाई ओट्यावर जाळ्याच्या ढिगाशेजारी बसल्या होत्या. लुगड्यात होत्या. तिला बघून त्यांनी जानकीला चहा टाकायला सांगितलं.

"आजी, मला काही सांगायचंय," मृणालिनी म्हणाली आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. टेलेक्स आला होता. त्यात लिहिलं होतं. मी दाबून ठेवला. परवा रामनाथशेठना नाही म्हणाले, तेही खोटं.

सोनूबाईंनी हातातलं जाळं खाली ठेवलं.

"म्हंजे तुना ठाव व्हतं."

"खात्री नव्हती आजी. पण नसेल असं कळलं होतं."

"मना सांगायचं व्हतंस गो." आवाज चढला नव्हता. "मी ग्येले नसते, असं नाय. पोरगा नेतो म्हनला, मी ग्येलेच असते. ईमानात बसले, ता काय कमी हाय? पर त्या पँटीत चार दिस खिरकीशी बसले नसते. जानकी म्हनं, आई, चला, खाली गावात फिरून येव. मी म्हनलं, नको. पोरीनं सांगितलंय, परनार हाय. मी उठून जाईन आनि मांगं परेल."

मृणालिनीला रडू आलं, पण इथं रडणं म्हणजे त्यांच्याकडूनच समजूत काढून घेणं झालं असतं, म्हणून तिनं ओठ आवळून धरले. सोनूबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला नाही.

"रामनाथला तूच सांग," त्या म्हणाल्या. "आत हाय."

रामनाथ आत टेबलाशी पावत्या लावत होता. त्यानं उभ्या उभ्याच सगळं ऐकलं. मधे एकदा "बरं" म्हणाला. तिचं संपल्यावर तो खुर्चीत बसला.

"बर्फाचं जाऊ दे," तो म्हणाला. "पण मी त्या म्हाताऱ्याला खोटारडा म्हटलं. त्याच्या सुनेसमोर. तुझ्या भरवशावर."

आजपर्यंत तो तिला अहो-जाहो करायचा. तो बदल तिच्या लक्षात आला.

"मी पत्र लिहिते त्यांना," ती म्हणाली.

"लिही. आत्ता, इथंच. माझं इंग्लिश तेवढं नाही."

तिनं लिहिलं. तुमचा निरोप मला मिळाला होता, मी तो पाहुण्यांपासून लपवला, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. तीन वाक्यं लिहायला तिला अर्धा तास लागला. प्रत्येक वेळी आपोआप एखादं कारण पुढं यायचं, गडबडीत राहून गेलं, गैरसमज झाला, आणि ते खोडावं लागायचं. रामनाथनं तिच्याकडून पत्राचा मराठीत अर्थ समजून घेतला, खाली स्वतःचं एक वाक्य घालायला लावलं, माफ करा, मी चुकीचं बोललो, आणि सही केली. मग तिला सही करायला पेन दिलं.

जानकीनं आणलेला चहा निवून गेला होता. मृणालिनीनं तो तसाच प्यायला.

सोमवारी शेट्यांना सांगायचं बाकी होतं. ते तिला काढणार नाहीत हे तिला ठाऊक होतं; कदाचित म्हणतील, एवढं मनाला काय लावून घेतेस, बुकिंग तर झालं ना. त्या विचारानं तिला जास्तच कसंतरी झालं.

निघताना तिनं सोनूबाईंच्या पायाला हात लावला. "बरं, जा," त्या म्हणाल्या आणि परत जाळं हातात घेतलं. रामनाथ चपला घालून तिच्याबरोबर निघाला. घरी आलेल्या बाईमाणसाला स्टॉपपर्यंत सोडायची त्यांच्याकडची पद्धत होती, ती त्यानं आजही मोडली नाही. पत्राचं पाकीट त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. गल्लीतून दोघं एकापुढे एक चालले, स्टॉपवर दोन हातांचं अंतर ठेवून उभे राहिले. वीस मिनिटं बस आली नाही. तो तिच्याकडे न बघता रस्त्याच्या वळणाकडे बघत होता. त्यानं निघून जावं, नाहीतर चार शब्द सुनावावेत, असं तिला वाटत होतं. बस दिसली तेव्हा त्यानं पुढं होऊन हात दाखवला, ती चढेपर्यंत थांबला आणि मग घरी वळला.