विहारातली जपानी पोरगी

"हा सिद्धार्थच होय," भाऊरावांनी ठासून सांगितलं. "घर सोडाच्या आंधीचा."

टीव्हीच्या पडद्यावर हा सिद्धार्थ सायकलसकट नालीत पडला होता आणि आखूड झग्यातली एक पोरगी काठावर पोट धरून हसत होती.

बुद्धपौर्णिमेची दुपार. सौसरच्या विहारात दारंखिडक्या लावून सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत सतरंजीवर बसली होती. मेणबत्त्या लावून झाल्या होत्या, त्रिशरण-पंचशील झालं होतं, टीव्हीला झेंडूचा हारसुद्धा घातला होता. नागपूरला आलेल्या जपानी पाहुण्यांनी भाऊरावांना एक कॅसेट भेट दिली होती. जपान म्हणजे बुद्धाचा देश, तिथली कॅसेट म्हणजे धम्माचाच सिनेमा, यात विचारायचं काय? डबीवर मोठ्या डोळ्यांच्या पोरीचं चित्र होतं. तिला भाऊरावांनी यशोधरा ठरवून टाकलं. भाऊराव तहसिलीत बाबू आणि विहार कमिटीचे अध्यक्ष, त्यांनी ठरवलं की ठरलं.

त्या पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या काळात व्हिडिओ भाड्यानं मिळायचा. तो घेऊन आलेल्या श्रावणनं डबीतला इंग्रजी कागद वाचला आणि चाचरत म्हणाला, "काकाजी, हे टीव्हीची मालिका हाय जी. मासिकात चित्रायच्या गोष्टी येते ना, तशा गोष्टीवरून बनवेल हाय. हसाची लव्हस्टोरी."

"तू चूप बस. तुले धम्म का समजते?"

बायका पदर तोंडाला लावून खुसखुसू लागल्या. कमल तेवढी हसत नव्हती.

कमल म्हणजे भाऊरावांच्या धाकट्या भावाची बायको. तो वारल्यापासून ती सरकारी दवाखान्यात आया होती. दुसऱ्यांच्या बाळंतपणाच्या चादरी धूत तिनं स्मिताला मॅट्रिक केलं. आणि त्या लेकीला आजवर जो तो पाहून गेला. कुणी ओल्या पायानं चालवलं, कुणी सुईत दोरा ओवायला लावला, रामाकोन्याच्या एका म्हातारीनं तर वेणी ओढून केस खरे आहेत का ते पाहिलं. वर निरोप काय, तर पोरगी सावळी आहे. जसे हे सगळे लोण्यातूनच निघाले होते!

आणि आज सकाळी नळावर तिला भलतंच कळलं. भाऊरावांनी स्मितासाठी परस्पर शब्द देऊन टाकला होता. तुळशीरामला. हा पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनिंगात हजेरी घेणारा, दोन लेकरांचा बाप, बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. उद्या पाहायला यायचं ते नावापुरतं, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीखसुद्धा धरली होती. आईला कुणी विचारलं नाही, पोरीला तर नाहीच नाही. तो तुळशीराम आत्ता पहिल्या ओळीत भाऊरावांच्या मांडीला मांडी लावून बसला होता. सकाळपासून कमलचं मस्तक भणभणत होतं.

पडद्यावर आता एक खोली आली. तीच पोरगी, पण भारी रेशमी कपड्यांत, मान खाली घालून बसलेली. समोर एक बुटका मुलगा, त्याची आई, आणि मधे उगीचच हसणारा एक टकला काका. भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण विहारातल्या एकाही बाईला अर्थ विचारावा लागला नाही.

"अवो माय, पोरगी पाहून राहिले!" शेजारची वत्सला ओरडली. "जपानातही असंच हाय काय? अन् थो टकला पाहा, हुबेहूब..." पुढचं तिनं गिळलं. सगळ्यांचे डोळे भाऊरावांच्या डोक्याकडे गेले.

पोरीनं चहा ओतला. मुलाची आई तिचा हात धरून बोटं निरखू लागली. तेव्हा त्या पोरीनं किटली खाली ठेवली, त्याच बाईचा हात ओढून घेतला आणि तिचीच बोटं उलटीसुलटी करून पाहिली. मग कपडे गुडघ्यापर्यंत उचलून ती धूम पळाली.

विहार हसण्यानं दणाणला. स्मिताही हसली, अगदी मोठ्यानं. लेकीचं असं हसणं आपण शेवटचं कधी ऐकलं, ते कमलला आठवेना.

तुळशीराम मागे वळला. "पोरीच्या जातीनं एवढं हसाव नाही," त्यानं स्मिताला सुनावलं.

"बंद कर रे श्रावण!" भाऊराव उठले. "विहार हाय का टॉकीज?"

"बंद करू नको," कमल म्हणाली. तीही उभी होती.

"का म्हणून राहिली तू?"

"भाऊजी, उद्या कोनाले आनू नका. माही पोरगी चहा घेऊन येनार नाही."

"मी जबान देली हाय!"

"तुमची जबान तुमी निभवा. तुमीच चाला वल्या पायानं! मले इचारलं होतं? इथं बाबासाहेबाच्या फोटोपुढं पंचशील म्हनता, अन् घरी पोरीले बजारातल्या गोऱ्ह्यावानी उभी करता. दात मोजाचेच बाकी ठेवले! मी आजवर चूप होती ते तुमाले भेऊन नाही, माह्या मेलेल्या मानसाकडं पाहून. आता नाही राहत चूप."

तुळशीराम चपला शोधायला लागला.

भाऊरावांनी आसपास नजर फिरवली. व्हिडिओ श्रावणचा, टीव्ही श्रावणचा. "सतरंजी कमिटीची हाय!" ते गरजले. "उठा सारे! गुंडाळा रे ते!"

लोक उठले, पण गुंडाळायला कुणी वाकेना. शेवटी अध्यक्षांनी स्वतःच वाकून ती लांबलचक सतरंजी गुंडाळली आणि काखेत मारून, धापा टाकत, तुळशीरामपाठोपाठ बाहेर पडले. त्यांच्यामागे माणसं गेली. मग बायका गेल्या. नवऱ्यानं दारातून नुसतं पाहिलं तशी वत्सलाही गेली. हसायला सगळे होते, थांबायला कुणी नव्हतं.

"मावशी, चालू ठेवू?" श्रावणनं विचारलं.

"ठेव."

कमल पांढऱ्या लुगड्यानिशी धुळकट फरशीवर बसली. पडद्यावर ती पोरगी कुणावर तरी तावातावानं ओरडत होती.

"का म्हणून राहिली असंल वं आई?"

"मले का माहीत? ऐक ना," कमल रागातच म्हणाली.

स्मिता सरकत सरकत पार टीव्हीपुढे गेली. मोकळ्या विहारात ती एकटी पुढे बसली होती आणि आईनं तिला मागे ये म्हटलं नाही.