दोन शिफारसपत्रं

"सुताराचा पोरगा फादर व्हायचा होता. तू नव्हे."

थोरले फादर एवढं बोलले आणि त्यांनी सुपासाठी तोंड उघडलं. समोर बसून त्यांना भरवणाऱ्या फादरांचा चमचा हवेतच राहिला.

निवृत्त धर्मगुरूंच्या या घरात फादर दर गुरुवारी यायचे. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत जाण्यासाठी त्यांची शिफारस थोरल्या फादरांनीच केली होती, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली.

"म्हणजे कसं, फादर?"

"दोन पत्रं लिहिली होती, एक त्याचं, एक तुझं. एकात लिहिलं, मुलाला देवाचं बोलावणं आहे. दुसऱ्यात, मुलगा हुशार आहे, पण आईच्या हट्टापायी येतोय, घेऊ नये. अर्जांना जोडताना उलटसुलट झाली. कळलं तेव्हा तू आत होतास. मग गप्प बसलो."

फादरांना दारापर्यंत सोडायला आलेली सिस्टर म्हणाली, "त्यांचं मनावर घेऊ नका हं. काल मला ते स्वतःची धाकटी बहीण समजत होते."

रस्ताभर फादरांना काही सुचेना. म्हातारपणाची बडबड म्हणून सोडून द्यावं, तर आईच्या हट्टाचं यांना कुणी सांगितलं? ते तर फादरांनी स्वतःशीही कधी धड कबूल केलं नव्हतं. इतक्या लग्नांना, इतक्या मयतांना ते उभे राहिले. ती जागा दुसऱ्याची होती का?

चर्चमध्ये तो सुताराचा पोरगा, आता स्वतःच सुतार, मोडका बाक दुरुस्त करत होता. दोघं शाळेत शेजारी बसायचे. फादर त्याला अजून 'तू' म्हणत, तो मात्र चर्चमध्ये 'तुम्ही'वरून खाली उतरत नसे.

"तूही सेमिनरीसाठी अर्ज केला होतास ना रे?" फादरांनी विचारलं.

"केला होता की. नको म्हणाले. बाबांनी दुसऱ्याच दिवशी रंधा हातात दिला."

"राग आला असेल."

"राग कसला, फादर?" सुतारानं स्क्रू दातांतून काढला. "थोरल्या फादरांना माझ्यात काहीतरी खोट दिसली असणार. कुठली ते विचारायचा धीर झाला नाही. म्हणून मग सगळ्याच बाजूंनी जपून वागलो. दारूला शिवलो नाही, कुणाला उलटून बोललो नाही. बायको म्हणते, तुमच्याशी भांडायचीही सोय नाही." तो हसला. "खोट मात्र अजून सापडली नाही बघा."

फादरांच्या ओठांवर आलं होतं. सांगितलं, तर या माणसाला काय मिळणार होतं? नाही सांगितलं, तर ते कुणासाठी? आणि थोरले फादर भ्रमातच बोलले असतील तर?

"जरा हे टोक धरता का? फळी हलतेय."

फादर झग्यासकट गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी फळी दाबून धरली. सुतारानं एकेक करून चारही स्क्रू पिळले. संध्याकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेसाठी दोन बायका येऊन मागच्या बाकावर टेकल्या.

"झालं, फादर," सुतार हळूच म्हणाला. "सोडा आता."

फादरांनी फळी तशीच धरून ठेवली होती.