शिसं भरलेलं हाड

मी एक जुनं हाड आहे. बैलाच्या घोट्याचं. मित्रांनो, माझा बैल एवढा थोरला होता की तो पाणी प्यायला वाकला की खालच्या गावची पाणचक्की थांबायची. खोटं वाटत असेल तर चक्कीला विचारा. पण ती आता राहिली नाही.

केनेश मेंढपाळाने मला पोखरलं, पोटात शिसं ओतलं आणि ओर्दोच्या खेळात उतरवलं. मातीत रिंगण, रिंगणात मेंढ्यांची बारकी हाडं. मला अंगठ्याने उडवून ती बाहेर हाकलायची. केनेशच्या हातात मी दिसलो की निम्मी हाडं आपणहून बाहेर पळायची.

गेल्या हिवाळ्यात घाटात बर्फ कोसळलं. केनेश त्याखाली गेला. त्याच्या आईने, म्हणजे एनेने, मला लोकरीच्या नमद्याच्या पिशवीत घालून भिंतीला टांगलं. आमच्याकडे वर्षाचं जेवण होईपर्यंत दुःखाच्या घरात खेळ चालत नाही. मुलांनी आदराने आपलं रिंगण ओढ्यापलीकडे नेलं.

केनेशची दहा वर्षांची लेक उल्जान रडली नाही. पाव दिला की खायची, नाही दिला तर मागायची नाही. मी हाड, मला काही वाटत नाही. तिलाही तसंच झालं होतं.

वसंतात खेळाचे मास्तर सतारकुल आले.

"एने, पोर वर्गात दप्तर ठेवल्यासारखी बसते. तिला खेळायला पाठवा."

"वर्ष झालं का? गाव काय म्हणेल?"

"मग खेळू नको म्हणावं. नुसतं रिंगण आखू दे. आखणारा काही खेळाडू नसतो."

"मास्तर झालास तरी लबाड तो लबाडच!" एने म्हणाली. पण पाठवलं.

निघताना उल्जानने मला पिशवीतून काढून खिशात टाकलं. रोज ती दोरी धरून रिंगण आखायची आणि बाजूला बसायची. तिच्याशी सगळे हळू बोलायचे, आजाऱ्याशी बोलावं तसे. असे बारा दिवस गेले.

तेराव्या दिवशी केरेझ नावाची पोरगी तिच्यावर खेकसली, "ए उल्जान, हे रिंगण आहे की भोपळा? तुझा बाप असता तर कान उपटला असता!"

मास्तरांनी शिट्टी तोंडातून काढली.

उल्जान उठली, रिंगणाशी बसकण मारली आणि मला उडवलं. मी रिंगण ओलांडलं, ओढा ओलांडला आणि थेट शेणाच्या ढिगात घुसलो.

"अगं बाई, बापाचा नेम कुठे सांडलास?" केरेझ हसली. उल्जानही फिसकन हसली. मग हसता हसता तिला जे रडू फुटलं, ते थांबेचना. केरेझने तिला मिठी मारली.

ओढ्याकाठी एने उभी होती. वर्ष व्हायला अजून बराच अवकाश होता. तिने मला शेणातून उचललं, घागऱ्याला पुसलं आणि ओढा ओलांडून नातीच्या हातात दिलं.

"तुझा बापही सुरुवातीला शेणातच टाकायचा. चल, परत मार."

मित्रांनो, मला भिंतीला टांगू नका. दुःखाच्या घरापासून आपलं रिंगण लांबही नेऊ नका. त्या दिवशी माझ्या पोटातलं शिसं ऊन झालं होतं. शेणाची ऊब असेल. हाडाला काय कळतं?