टोल कुणी द्यायचा?

मित्रांनो, दिसायला मी हातभर गंजकं लोखंड. नोकरीनं मात्र स्टेशनची घंटा. दारव्ह्याच्या अलीकडच्या एका लहानशा स्टेशनात, कडुनिंबाला तारेनं टांगलेला जुन्या रुळाचा तुकडा.

आधी मी सरळ रूळ होतो. अंगावरून कापसाच्या गाठी जायच्या. एका उन्हाळ्यात वाकलो, तेव्हा मला कापून इथे वर चढवलं. वाकल्यावर बढती मिळते, हे मी तेव्हाच पाहिलं.

मागच्या स्टेशनातून गाडी सुटली, की पोर्टर देवीलाल मला हातोडीनं दोन टोल द्यायचा. गावात घड्याळं होती, पण लोक टोल ऐकूनच घरून निघायचे. शेजारी पाटी होती : 'रेल्वे कर्मचाऱ्याशिवाय कोणी वाजवू नये.' गावानं आयुष्यात पाळलेली ती एकच पाटी.

मग गाडी बंद झाली. देवीलालची बदली झाली. जाताना त्यानं हातोडी नेली, मी राहिलो. रुळांत गवत वाढलं. वारा मला हलवतो, पण वाजवत नाही.

बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्या वर्षी गावातल्या विठ्ठलरावांनी गाडीसाठी समिती काढली. मोर्चे निघाले, तेही जीपनं. शेवटी रेल्वेचं पत्र आलं : मंगळवारी अकरा वाजता साहेब येऊन प्रवासी मोजतील. माणसं दिसली, तरच गाडीचा विचार होईल.

त्या दिवशी बेबीताई नऊलाच पिशवी घेऊन आल्या. गुडघ्यांमुळे त्यांना जीपमध्ये चढता येत नाही. गाडी थांबल्यापासून दारव्ह्याच्या लेकीचं घर त्यांनी पाहिलेलं नाही.

अकराला साहेब आले.

"बाकीचे कुठे आहेत?"

"येतीन जी. टोल पडला का निघतेत."

"मग टोल कोण देणार?"

"तुमचाच मानूस देते न जी. आमी कायले हात लावू? सरकारी हाय तो."

साहेबांनी मला पाहिलं, पाटी वाचली, पाऊण तास वाट पाहिली. मग कागदावर 'प्रवासी : एक' लिहून ते गेले.

त्यांची जीप दिसेनाशी झाल्यावर बेबीताईंनी दगड उचलला आणि मला दोनदा मारला. किती वर्षांनी! दहा मिनिटांत पिशव्या घेऊन गाव लोटलं. सगळ्यांत पुढे विठ्ठलराव, इस्त्रीच्या सदऱ्यात.

"बेबीताई, टोल लेट काहून पडला?"

"साहेबापुढं कसा हात लावू? आता गेले नं ते, भाऊ," बेबीताई म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या.

थोडा वेळ सगळे रुळांकडे पाहत उभे राहिले, मग एकेक करून घरी गेले. बेबीताई शेवटी उठल्या.

मित्रांनो, समितीनं पुन्हा तारीख मागितली आहे. तो दगड अजून माझ्याखालीच पडलेला आहे. तारीख आली, तर वाजवायचं काम आधी कुणाला तरी नेमून द्या. पाटीला विचारत बसू नका. हाक मारायची तयारी माझी आहे. हात तेवढा तुमचा लागेल.